यादीतला न्याय आणि यादीबाहेरचा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांना नवल वाटले असेल. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नेमणुका कशा होतात हे सांगायला कामगार संघटनेत आयुष्य काढलेला माणूस कशाला हवा, असेही कोणाच्या मनात आले असेल. पण काम मागणारे हजारो आणि काम देणारे शेकडो एकमेकांसमोर उभे राहिले म्हणजे कोणी कोठे जायचे हे कोणी आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न इस्पितळाच्या दारात जितका खरा आहे तितकाच गिरणीच्या फाटकावर खरा होता. शिवाय भारतातल्या महाविद्यालयांतून डॉक्टर झालेली मुले दरवर्षी त्या अमेरिकन यादीत आपले नाव घालतात. त्यांचे आईबाप इथे, या आपल्या गावांत, निकालाची वाट पाहात बसलेले असतात. तेव्हा विषय दिसतो तितका दूरचा नाही.

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली म्हणजे माणूस लगेच दवाखाना थाटू शकत नाही. त्याला शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षे एखाद्या इस्पितळात निवासी डॉक्टर म्हणून राबावे लागते. हे शिक्षणही असते आणि नोकरीही असते. हे दोन्ही एकदम असणे हीच पुढच्या साऱ्या भांडणाची मेख आहे, ती लक्षात ठेवावी. ही जागा मिळवण्यासाठी उमेदवार निरनिराळ्या इस्पितळांत मुलाखती देतो आणि मग आपल्या पसंतीच्या क्रमाने इस्पितळांची यादी करतो. इस्पितळेही उमेदवारांची यादी करतात. दोन्ही बाजूंच्या याद्या ‘नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम’ या संस्थेकडे जातात, तिथे यंत्र त्यांची जुळणी करते आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी प्रत्येकाला एकच नाव कळते. ते नाव दोघांवरही बंधनकारक असते. २०२४ साली या जुळणीत ४१,५०० हून अधिक जागा होत्या आणि ५०,००० हून अधिक उमेदवारांनी नावे नोंदवली होती.

एवढ्या माणसांची आयुष्ये यंत्राच्या हवाली करावी असे कोणाला का वाटले? त्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत इस्पितळांतल्या जागा जास्त आणि पदवीधर कमी, अशी स्थिती होती. इस्पितळांना हाताखाली स्वस्तात राबणारे तरुण डॉक्टर हवे होते. मग जो तो दुसऱ्याच्या आधी विद्यार्थी पकडू लागला. ही घाई इतकी वाढली की १९४४ च्या सुमारास मुलगा पदवीधर होण्याच्या दोन दोन वर्षे आधी त्याची जागा ठरू लागली. ज्याने अजून रोगी धड पाहिला नाही त्याने कोणत्या शाखेत जायचे हे ठरवून टाकायचे! अखेर १९४५ साली महाविद्यालयांनी असे ठरवले की, ठराविक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची गुणपत्रके आणि शिफारसपत्रे बाहेर द्यायचीच नाहीत.

त्याने एक रोग बरा झाला, पण दुसरा उपटला. आता सारी लढाई त्या एका तारखेनंतरच्या काही दिवसांत येऊन कोंबली. इस्पितळ म्हणे, आत्ताच्या आत्ता होय म्हण, नाही तर जागा गेली. विद्यार्थ्याला वाटे, याहून चांगल्या ठिकाणचे बोलावणे उद्या आले तर? विचाराला दहा दिवसांची मुदत द्यावी असे आरंभी ठरले होते. ती आकसत गेली. १९४९ साली अशी सूचना निघाली की, मध्यरात्री तारा पाठवाव्यात आणि विद्यार्थ्याने दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावे. इस्पितळांच्या संघटनेला हे बारा तासही फार वाटले! चार वर्षांत दहा दिवसांचे बारा तास झाले आणि तेही डोईजड झाले. माणसाला विचार करायला वेळ न देणे हे काम देणाऱ्याचे फार जुने हत्यार आहे. मुंबईच्या गिरण्यांत पहाटे फाटकावर बदली कामगार उभे राहात आणि जॉबर त्यांतून माणसे वेचीत असे, तेव्हा त्या माणसाला तरी विचार करायला कोण वेळ देत होते?

या गोंधळाला कंटाळून अमेरिकेत एकच मध्यवर्ती जुळणी करावी असे ठरले. १९५०-५१ मध्ये तिची चाचणी झाली आणि १९५२ साली पहिली खरी जुळणी पत्रे निवडणाऱ्या यंत्रांवर पार पडली. या दोहोंच्या मध्ये जे घडले ते मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचे वाटते. आधी जी रीत योजली होती ती वरवर पाहता निर्दोष होती. ज्या विद्यार्थ्याने ज्या इस्पितळाला पहिले मत दिले आणि त्या इस्पितळानेही ज्याला पहिल्या गटात ठेवले, अशा जोड्या आधी जमवायच्या, मग खालच्या. पण विद्यार्थ्यांनी ती रीत बारकाईने वाचली आणि त्यांना तिच्यातला सापळा दिसला. समजा, एखाद्याने आवाक्याबाहेरचे मोठे इस्पितळ यादीत पहिले घातले. ते मिळाले नाही. तोवर त्याच्या दुसऱ्या पसंतीचे इस्पितळ, जे पहिले घातले असते तर त्याला मिळाले असते, ते दुसऱ्या कोणी पटकावलेले असे. म्हणजे मनातली खरी पसंती लिहिणाराला शिक्षा आणि धोरणाने खोटे लिहिणाराला बक्षीस.

विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी देशभरातल्या महाविद्यालयांतून प्रतिनिधी जमवून समिती उभारली. हार्वर्डचा विद्यार्थी हार्डी हेंड्रेन, जो पुढे बालशल्यचिकित्सेत जगप्रसिद्ध झाला, तो तिच्या अग्रभागी होता. बॉस्टनमधल्या इस्पितळांत आधीपासून वापरात असलेली निराळी रीत घ्यावी, अशी त्यांनी मागणी केली आणि पहिल्या जुळणीपूर्वीच ती मान्य झाली. गणित्यांचे शास्त्र पुढे आले, ते दहा वर्षांनी. रीतीतला अन्याय प्रथम ओळखला, तो तिच्याखाली भरडल्या जाणाऱ्यांनी.

ही रीत चालते कशी? अल्गोरिदम हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. त्याचा अर्थ ठरलेल्या क्रमाने करायची कृती, एवढाच. पायऱ्या समजल्या की भीती जाते, म्हणून एक लहानसे उदाहरण घेऊ. तीन इस्पितळे घ्या, एक शहरातले, एक नदीकाठचे आणि एक डोंगरावरचे. प्रत्येकात एकच जागा. तीन उमेदवार घ्या, क, ख आणि ग. क आणि ख या दोघांची पसंती शहर, मग नदीकाठ, मग डोंगर अशी आहे. ग ला आधी नदीकाठ, मग शहर, मग डोंगर हवा आहे. इस्पितळांचेही मत असते. शहराला आधी ग हवा, मग ख, मग क. नदीकाठला आधी क, मग ख, मग ग. डोंगराला तिघेही चालतील.

आता क शहराकडे जातो. जागा रिकामी असते, म्हणून शहर त्याला थांबवून ठेवते. थांबवून ठेवते म्हणजे कायम करीत नाही, हे ध्यानात घ्या. मग ख शहराकडे येतो. शहराला ख अधिक हवा, म्हणून क सुटतो. क आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, नदीकाठी जातो आणि तिथे थांबतो. आता ग नदीकाठी येतो, पण त्या इस्पितळाला क अधिक हवा, म्हणून ग ला नकार मिळतो. ग शहराकडे वळतो. शहराला तर तोच सर्वांत हवा होता. ख सुटतो. ख नदीकाठी जातो, तिथे क आधीच आहे आणि तो त्यांना अधिक प्रिय आहे. ख अखेर डोंगरावर जातो. आता कोणी हिंडणारा उरला नाही, म्हणून सारे कायम. क नदीकाठी, ख डोंगरावर, ग शहरात.

ख ला वाईट वाटेल. पण तो शहराच्या दारात जाऊन म्हणाला, मला घ्या, तर शहर म्हणेल, आमच्याकडे तुझ्याहून आम्हांला हवा असलेला माणूस आहे. नदीकाठीही हेच उत्तर. म्हणजे जुळणी मोडून एकमेकांशी परस्पर सौदा करावा असे दोघांनाही वाटेल, अशी एकही जोडी उरत नाही. याला गणिती ‘स्थिर’ जुळणी म्हणतात. आणि शहर पहिले घातले म्हणून ख चे काही नुकसानही झाले नाही. जुन्या रीतीतला सापळा इथे नाही.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली एका छोट्या निबंधात सिद्ध केले की, दोन्ही बाजूंच्या याद्या कशाही असोत, अशी स्थिर जुळणी नेहमी सापडते. मौज अशी की, इस्पितळांची यंत्रे दहा वर्षांपासून हेच काम करीत होती आणि याचा या दोघांना पत्ताही नव्हता. ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ साली हे नाते सप्रमाण मांडले. ब्रिटनमध्येही तरुण डॉक्टरांसाठी निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या रीती चालत. रॉथने त्या तपासल्या. एडिंबरो आणि कार्डिफ इथल्या स्थिर रीती टिकल्या. न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅम इथल्या अस्थिर रीती मोडून पडल्या, कारण लोक पाठीमागून परस्पर सौदे करू लागले. जी व्यवस्था माणसाला तिच्याबाहेर जाऊन अधिक लाभ देते ती नियमांच्या धाकाने टिकत नाही. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ सालीच वारले होते.

पण त्या सिद्धांताच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. स्थिर जुळण्या एकाहून अधिक असू शकतात, आणि आधी विचारणारा जो पक्ष त्याच्या पदरात त्यांतली सर्वांत चांगली पडते. माझ्या उदाहरणात उमेदवार विचारीत होते. अमेरिकेतल्या यंत्रात मात्र १९५२ पासून इस्पितळे विचारीत आली होती! १९९५ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या संघटनेने हे प्रकरण पुन्हा उकरून काढले. रॉथ यांच्याकडे काम सोपवले गेले, १९९७ साली रीत बदलली आणि १९९८ च्या जुळणीपासून उमेदवार विचारतात व इस्पितळे उत्तर देतात. आता उमेदवाराने आपली खरी पसंती लिहावी, त्यातच त्याचे हित आहे. मात्र संघटनेच्या माणसाने आपल्या विजयाचे मोजमापही प्रामाणिकपणे सांगावे. जुन्या याद्या नव्या रीतीने चालवून पाहिल्या तेव्हा हजारांत एकाहूनही कमी उमेदवारांची जागा बदलली. तत्त्वाचा विजय मोठा, पण पदरात पडले थोडे.

हे थोडे का पडले, हाच आजचा मुद्दा आहे. यंत्र याद्या जुळवते. याद्या कशाने भरतात हे ते विचारीत नाही. परदेशांत शिकलेल्या उमेदवाराला इस्पितळाने खाली टाकले, तर का टाकले हे यंत्र विचारणार नाही. २०२४ साली अमेरिकन महाविद्यालयांतून एम. डी. होऊन निघणाऱ्या शंभरांतल्या ९३ जणांना जागा मिळाली. परदेशी नागरिक आणि परदेशांत शिकलेले जे उमेदवार, त्यांच्या शंभरांत ५८ जणांना मिळाली. आपली मुले या दुसऱ्या रांगेत असतात.

खेड्यांतल्या इस्पितळांचे पाहा. तिकडे जागा रिकाम्या राहतात, म्हणून यंत्राची रीत बदलून त्यांना डॉक्टर मिळवून द्यावेत, अशी सूचना झाली होती. रॉथने १९८६ साली सिद्ध केले की, ते शक्य नाही. एका स्थिर जुळणीत ज्या इस्पितळाच्या जागा भरत नाहीत, त्याला कोणत्याही स्थिर जुळणीत तितकेच आणि तेच डॉक्टर मिळतात. खेड्यात डॉक्टर हवा असेल तर तिथे राहण्यासारखे घर, शिकण्यासारखे काम आणि बरा पगार द्यावा लागेल. आपल्याकडे बंधपत्र लिहून घेऊन मुलांना खेड्यात धाडणाऱ्यांनी हा सिद्धांत भिंतीवर लावून ठेवावा.

जागांची संख्याही यंत्र ठरवीत नाही. तिथे निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाचा मोठा खर्च वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या सरकारी निधीतून होतो. १९९७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून या निधीतून चालणाऱ्या जागा प्रत्येक इस्पितळापुरत्या १९९६ च्या आकड्यावर बांधून टाकल्या. पुढे केलेल्या कायद्याने २०२३ पासून नव्या १,००० जागा थोड्याथोड्या करून वाटण्याचे ठरले. रांग कितीही न्यायाने लावली तरी ताटे किती, हे स्वयंपाकघरात ठरते.

आता पगार. जुळणीत नाव निघाले की, तेच इस्पितळ आणि तोच पगार. दोन ठिकाणची बोलावणी हातात धरून घासाघीस करण्याची सोय नाही. २००२ साली काही निवासी डॉक्टरांनी फिर्याद केली की, या जुळणीने इस्पितळांतली स्पर्धा मारली आणि आमचा पगार दाबला गेला. खटला उभा असतानाच २००४ साली काँग्रेसने कायदा केला की, अशी जुळणी चालवणे किंवा तिच्यात भाग घेणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग मानू नये. हे कलम घातले कोठे? तर निवृत्तिवेतनाच्या निधीसंबंधीच्या कायद्यात! म्हाताऱ्या कामगारांच्या पेन्शनच्या गाडीला तरुण डॉक्टरांचा खटला बांधून ओढून नेला. त्याच वर्षी फिर्याद फेटाळली गेली.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुळणीमुळेच पगार कमी राहतो, हे सर्वांना मान्य नाही. २००३ साली म्युरिएल नीडर्ले आणि रॉथ यांनी पुढच्या उपशाखांतले पगार तपासले. काहींत जुळणी होती, काहींत नव्हती. दोन्हीकडच्या पगारांत त्यांना फरक आढळला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला या वर्षांशिवाय धंद्याचा परवाना मिळायचा नाही आणि जो एकटा उभा आहे, त्याचा भाव जुळणी असली तरी पडणार आणि नसली तरी पडणार. १९४९ साली जुळणी नव्हतीच. तेव्हा काय मोठी घासाघीस चालत होती? बारा तासांची मुदतसुद्धा मिळत नव्हती.

हिशेब सोपा आहे. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टराला तिकडे हल्ली साधारण साठ ते सत्तर हजार डॉलर मिळतात. पासष्ट हजार धरा. आठवड्याला ८० तास आणि वर्षाला ५० आठवडे धरा, म्हणजे ४,००० तास झाले. ताशी सव्वासोळा डॉलर पडले. २०२४ साली न्यूयॉर्क शहरात कोणत्याही कामगाराचा किमान दर ताशी १६ डॉलर होता. त्या शहरातल्या निवासी डॉक्टरांना पासष्ट हजारांहून काही जास्त मिळते, हे खरे. तरी हिशेबाचा रोख कळतो.

आणि ते ८० तास तरी कसे आले? १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात अठरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्यावर उपचार करणारे तरुण डॉक्टर सलग कामाने किती थकलेले असतात, ही गोष्ट त्यातून चव्हाट्यावर आली. १९८९ साली त्या राज्याने ८० तासांची मर्यादा घातली आणि साऱ्या देशात ती २००३ साली लागू झाली. ही मर्यादा कोणा यंत्रातून निघाली नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९५७ साली या डॉक्टरांनी आपली संघटना काढली, ‘कमिटी ऑफ इंटर्न्स अँड रेसिडेंट्स’. १९७५ साली कामाच्या तासांसाठी तिने चार दिवसांचा संप केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगारसंबंध मंडळाने निवाडा दिला की, निवासी डॉक्टर हे विद्यार्थी आहेत, कामगार नव्हेत! रात्रभर रोगी सांभाळणारा माणूस पगार मागताच विद्यार्थी होतो, ही जादू आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत आपण पाहिलेलीच आहे. तो निवाडा उलटायला १९९९ साल उजाडावे लागले. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एल्महर्स्ट इस्पितळातले दीडशेहून अधिक निवासी डॉक्टर तीन दिवस संपावर गेले. त्यांत परदेशांत शिकून आलेले पुष्कळ होते. त्याच व्यवस्थेखाली मॅनहॅटनमध्ये काम करणाऱ्या सोबत्यांहून आपल्याला कमी पगार का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तीन वर्षांत १८ टक्के वाढ घेऊन ते कामावर परतले. जुळणीच्या यादीत जे सर्वांत खाली धरले जातात, त्यांनी हे मिळवले.

मग जुळणी मोडून टाकावी काय? माझे उत्तर स्पष्ट आहे, मोडू नये. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कामगारांना कार्डे मिळाली, १९५० साली नोंदणीने काम देण्याची योजना आली आणि जॉबरच्या दस्तुरीला आळा बसला. ते चांगलेच झाले. ठरलेल्या नियमाची रांग वशिल्याच्या गर्दीहून केव्हाही बरी. पण रांगेने पगार वाढत नसतो. आपल्या राज्यात माथाडी कामगारांसाठी १९६९ साली जो कायदा झाला, त्याची थोरवी इथे आहे. त्या कायद्याखालची मंडळे हमालांची नोंदणी करतात आणि कामाची व मजुरीचीही व्यवस्था पाहतात. त्या मंडळांवर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी बसतात. काम वाटणाऱ्या मेजाशीच मजुरीचा प्रश्न बसवला आणि त्या मेजाशी कामगारालाही खुर्ची दिली. नोबेल मिळवणाऱ्या यंत्रात जी खुर्ची नाही ती आपल्या हमालांनी मिळवली.

यापुढे अशी यंत्रे डॉक्टरांपुरती राहणार नाहीत. शाळेतला प्रवेश, महाविद्यालयातली जागा, घरोघर माल पोचवणाऱ्या मुलाची फेरी, सारे यादीने आणि हिशेबाने ठरत चालले आहे. तेव्हा मुलाच्या हाती निकाल पडला की दोन प्रश्न विचारा. पहिला, ही रीत उघड आहे काय, तिच्यात आधी कोण विचारतो, आणि खरे लिहिणाराचे तीत नुकसान होते काय? १९५१ सालच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला म्हणून रीत सुधारली. दुसरा, जागा किती, पगार किती आणि तास किती, हे कोणी ठरवले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणिती देऊ शकतात आणि त्यांनी ते उत्तम दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर ज्यांना ते काम करायचे आहे त्यांनी एकत्र बसून मिळवावे लागते.